ग्रुपवर झापलं की काम होते का जी?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, मग तो बचत गट असो, शेतकरी कंपनी असो, शाळा असो नाहीतर वेचाईची टोळी, तर त्यांच्याशी रोजचं बोलताना कुठं अडते ते लिहून पाठवा. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, काहींनी तर लांबलचक व्हॉइस नोट पाठवल्या, त्यात एकीच्या मागं कोंबडा असा ओरडून राह्यला होता की प्रश्न समजायला परत ऐकावं लागलं. नावं छापू नका असं जवळपास सगळ्यांनीच लिहिलं, बरोबरच आहे, गाव केवढंसं असते. म्हणून खाली फक्त काम अन् जिल्हा देतो.

प्रश्न : मी गटप्रवर्तक आहे. माझ्याकडे वीसेक आशाताई आहेत, आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रोज सकाळी मी त्यावर कोणाचा रिपोर्ट बाकी आहे त्याची यादी टाकते, कारण मला तालुक्यावरून फोन येते. यादी टाकली की सगळ्या अंगठा देतात नाहीतर हात जोडतात अन् काम तसंच राहते. मग मी चिडून लिहिते, मग दोन दिवस कोणी बोलतच नाही. मागच्या महिन्यात एक जुनी आशाताई ग्रुपच सोडून गेली. मी काय वाईट बाई आहे का? मलेही तर वरून ऐकावं लागते न!
(गटप्रवर्तक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, वाईट-बिट काही नाही, तुम्ही मधात सापडल्या. वरचा फोन तुम्हाला येते अन् तुम्ही तो जसाच्या तसा खाली लोटून देता, अन् हे एकट्या तुम्हीच करता असं नाही, अख्ख्या सरकारी खात्यात अन् खासगी कंपन्यांमधे हेच चालू आहे.

पण ती यादी घरी कशी पोचते ते एकदा डोळ्यासमोर आणा. सकाळचे आठ वाजले, आशाताई भाकरी टाकून राह्यली, मोबाईल पोराच्या हातात कारण घरात चांगला फोन एकच, पोरगा मोठ्यानं वाचते, ‘मम्मी, तुझं नाव आलं पेंडिंगमधे, लाल गोळा आहे पुढं’. सासू ऐकते, नवरा ऐकते. बाई काय करणार, पिठाच्या हातानं अंगठा देते अन् फोन पालथा ठेवते. तुम्ही रिपोर्ट मागितला होता, तिला वाटलं घरच्यांसमोर आपली इज्जत गेली. मग त्या दिवशी रिपोर्ट कायले येईल?

हे नुसतं माझं म्हणणं नाही. क्लुगर अन् डिनिसी नावाच्या दोन संशोधकांनी १९९६ साली, तोपर्यंत झालेल्या फीडबॅकवरच्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे गोळा करून पाहिले, तर एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅक दिल्यावर काम सुधरायच्या ऐवजी बिघडलं होतं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं की बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की ऐकणाऱ्याचं सगळं ध्यान स्वतःला सांभाळण्यात जाते, कामासाठी काही उरत नाही. अन् गंमत म्हणजे हे कौतुकालाही लागू आहे बरं का. ‘ताई तुम्ही फार हुशार’ हेही माणसावरच झालं, त्यानं तिला छान वाटेल पण उद्या काय करायचं ते काही कळणार नाही.

म्हणून यादी बंद करा. एकदम बंद. ज्यांचं बाकी आहे त्यांना एकेकटीला फोन, वीस जणींना रोज करायचा नाही, रोज तीन-चार. अन् बोलायचं कामाचं, म्हणजे असं काहीतरी : ‘ताई, पोडावरच्या (पाड्यावरच्या) त्या बाळाचं वजन कमी दिसलं तर तुम्ही त्याच दिवशी पीएचसीत कळवलं, फार बरं झालं, सिस्टर म्हणत होत्या. १४ व्या दिवसाची भेट राहिलेली दिसते, रस्ता बंद आहे का?’ आता याच्यात काय काय आलं पाहा. तुम्ही तिचं रजिस्टर वाचलं हे तिला कळलं. केलेल्या कामाचं पुढं काय झालं तेही कळलं. अन् शेवटी जे विचारलं त्यात ‘काहून नाही केलं’ नाही, रस्ता विचारला. ती म्हणेल हो न मॅडम, नाल्याला पाणी आहे, नाहीतर म्हणेल फॉर्मच संपले, नाहीतर म्हणेल पोराची परीक्षा होती जी, राहून गेलं. तिन्ही उत्तरं वेगळी आहेत अन् तिन्हींचा इलाज वेगळा आहे, यादी टाकून तुम्हाला यातलं एकही कळणार नव्हतं.

ग्रुपवर मग काय टाकायचं? झालेलं. एकीनं काही खटपट करून अडचण सोडवली असेल तर तिला विचारून दोन ओळीत टाका, बाकीच्यांच्या कामी येते. कॅम्पची तारीख, लसीकरणाचा बदललेला दिवस, बस.

आणखी एक, हे तुम्हाला माहीतच असेल पण लिहितो. आशाताई आज बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ व्या दिवशी जातात, त्या पद्धतीचं मूळ आपल्या गडचिरोलीतलं आहे. डॉ. अभय अन् डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांमधे गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं सांभाळून दाखवली, १९९९ मधे ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं अन् पुढं देशभर गेलं. आता सगळे म्हणतात बायांना ट्रेनिंग दिलं म्हणून झालं. ट्रेनिंग तर आपल्याकडे ढीगभर होतात! तिथं ट्रेनिंग झाल्यावर वरचा माणूस ठरल्या दिवसाला गावात जायचा, रजिस्टर तिच्यासोबत बसून पाहायचा, बाळाच्या घरी जायचा अन् चुकलं असेल तर तिथंच शिकवायचा. आरोग्य खात्याच्या भाषेत याला सपोर्टिव्ह सुपरव्हिजन म्हणतात, कागदावर तुमच्या ड्यूटीत ते असेलच, पण रिपोर्ट गोळा करता करता नेमकं तेच राहून जाते.

ग्रुप सोडून गेलेल्या ताईकडे फोन करू नका, जा. गेल्या गेल्या ‘ग्रुप काहून सोडला’ असं सुरू करू नका. बसा, चहा येऊ द्या, तिच्या गावातल्या जड बाळंतपणांची चौकशी करा, ती जुनी आहे तर तिला जे माहीत आहे ते दुसऱ्या कोणाला नाही. अन् निघताना सांगा की यादी टाकणं मी बंद केलं. ती परत ग्रुपमधे येईल का नाही हे तिच्यावर सोडा.

तालुक्यावरून फोन आला तर? त्यांना आकड्याच्या सोबत कारण सांगायला लागा, ‘सहा भेटी बाकी, त्यातल्या चार नाल्यापलीकडच्या’. साहेब चिडतील तर चिडतील. तो राग तुमच्यापाशीच थांबला पाह्यजे, खाली वीस घरी जायला नको, गटप्रवर्तकाच्या कामातलं सगळ्यात जड काम हेच आहे अन् त्याचं मानधन कोणी देत नाही हेही खरं.

प्रश्न : माझं वय २७, ॲग्री झालो अन् आमच्याच भागातल्या शेतकरी कंपनीत मॅनेजर लागलो. सोयाबीनच्या सीझनमधे काट्यावर, चाळणीवर अन् हमाल मिळून दहा-बारा जण असतात, सगळे माझ्या बापाच्या वयाचे, दोघं तर नात्यातलेच. ओळखीच्या शेतकऱ्याचा माल ओला असला तरी उतरवून घेतात. म्हटलं तर सगळ्यांसमोर म्हणतात, ‘बाबू, तुले आम्ही कडेवर घेतलं, तू आमाले शिकवतं का’ अन् सगळे हसतात. ओरडलो तर भर सीझनमधे काम सोडतील. काय करू भाऊ?
(शेतकरी उत्पादक कंपनी, वाशीम जिल्हा)

उत्तर : आधी तर तुम्हीही हसा. कडेवर घेतलं असेलच त्यांनी, त्यात लपवायसारखं काय आहे. मॅनेजर झालं की लोकं एकदम ‘अहो पाटील’ करून बोलायला लागतात नाहीतर साहेबासारखं नुसतं नावानं हाक मारतात, दोन्ही करू नका. काकाजी होते ते काकाजीच राहू द्या, मामाजी होते ते मामाजी.

आता मुद्द्याचं. ते ओला माल काहून घेतात, याचा विचार केला का? तुम्हाला वाटते की त्यांना नियम कळत नाही नाहीतर तुम्हाला मोजत नाहीत. मला तसं वाटत नाही. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, तो त्यांच्याच गल्लीतला, संध्याकाळी पानठेल्यावर त्याच्याच बाजूला बसायचं आहे, पोरीच्या लग्नात त्याच्याकडूनच उसने घ्यायचे आहेत. त्याला ‘माल परत ने’ म्हणणं हे काकाजीला जमणार नाही, तुम्हालाही जमलं नसतं. म्हणजे तुम्ही त्यांच्यावर असं काम टाकलं जे त्यांच्या आवाक्यातलं नाही, अन् मग केलं नाही म्हणून चिडता.

म्हणून ते काम तुम्ही घ्या. त्यांना साफ सांगा, सगळ्यांसमोर नाही, एकेकाला बाजूला घेऊन, माल उतरवायच्या आधी सकाळी, तेव्हा डोकं थंड असते : ‘काकाजी, परत पाठवायचं मी सांगीन, शिव्या मले खाऊ द्या. तुम्ही फक्त ओल मोजायचं मीटर लावा अन् आकडा फळ्यावर लिहा.’ मीटर मुद्दाम त्या सगळ्यात जास्त हसणाऱ्या काकाजीच्या हातात द्या. एका पोत्यातून नाही, वेगवेगळ्या पोत्यांतून परखी (नमुना काढायची टोकदार नळी) मारून, शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर. आकडा १२ च्या वर गेला की तुम्ही पुढं व्हा. शेतकऱ्याला सांगा की सरकारी खरेदीत १२ टक्क्यांची अट आहे (२०२४ मधे केंद्रानं ती १५ पर्यंत सैल केली होती, ते लोकांच्या ध्यानात आहे अन् ते काढतील, तर या सीझनचं पत्र काट्यापाशीच चिकटवून ठेवा), दोन दिवस वाळवून आणा, लाईन तुमची मी राखून ठेवतो. शेवटचं वाक्य विसरू नका. ते तुम्ही पाळलं तर पुढच्या वेळी काकाजी स्वतःच शेतकऱ्याला म्हणेल की वाळवून आण, बाबू लाईन राखते.

दुसरं असं की गेटच्या बाहेर गेलेल्या मालाचं काय होते हे या लोकांना कोणी सांगतच नाही. ट्रक गोदामावरून परत आला, कटौती लागली, थप्पी आतून गरम झाली अन् बुरशीचा वास सुटला, हे सगळं मॅनेजरच्या फोनमधे राहते. अमेरिकेत ॲडम ग्रँट नावाच्या प्राध्यापकानं एका विद्यापीठासाठी फोनवर देणग्या मागणाऱ्या पोरांवर एक प्रयोग केला होता, २००७ मधे छापला. काही पोरांना त्या देणगीतून स्कॉलरशिप मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी फक्त पाच मिनिटं बोलू दिलं. महिन्याभरानं पाहिलं तर ती पोरं आधीच्यापेक्षा १४२ टक्के जास्त वेळ फोनवर होती. पगार तोच, खुर्ची तीच. तुमच्याकडे विद्यार्थी नाही पण ट्रक आहे. पुढच्या वेळी ड्रायव्हरच्या बाजूला काकाजीला बसवून द्या, गोदामावर ग्रेडर आपल्या मालाची परखी कशी मारते ते त्यांना त्यांच्या डोळ्यानं पाहू द्या, त्या दिवसाची मजुरी कापू नका. परत आल्यावर बाकीच्यांना काय सांगायचं ते तुम्ही शिकवू नका, ते तुमच्यापेक्षा मसाला लावून सांगतील.

अन् बारदाना संपला, काटा बंद पडला, लाईट गेली अशा दिवशी तुम्ही केबिनमधे बसू नका. त्या दिवशी तुम्ही कुठं होते हे लोकं सीझनभर ध्यानात ठेवतात.

प्रश्न : गावातल्या बचत गटांचा आमचा ग्रामसंघ आहे, त्याच्या मीटिंगमधे मी एकटीच बोलते. काही विचारलं की ‘तुम्ही म्हणाल तसं ताई’. मग बाहेर निघाल्यावर फाट्यावर उभ्या राहून सगळ्या बोलतात. यांना बोलतं कसं करू?
(ग्रामसंघ अध्यक्ष, वर्धा जिल्हा)

उत्तर : ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणजे हो नाही ताई. त्याचा अर्थ आहे की ठरवून तर तुम्ही आधीच आलात, आता आमचा टाइम कायले घेता.

तुमचं मत शेवटी सांगा, एवढं एक करून पाहा. अध्यक्षबाई आधी बोलली की विषय संपला, मग कितीही ‘बोला न ग बाई’ म्हटलं तरी कोणी बोलत नाही. विषय आदल्या आठवड्यात गटागटात जाऊ द्या, मीटिंगमधे गोल बसा, खुर्ची-टेबल नको, अन् लहान गटापासून सुरुवात करा. कोणी विरोधात बोललीच तर लगेच समजावू नका, तिचं म्हणणं प्रोसिडिंगमधे लिहून घ्यायला सांगा, सचिवबाईला मोठ्यानं वाचायला लावा. आपलं म्हणणं रजिस्टरमधे गेलं हे पाहिलं की बाजूची बाई सरसावून बसते.

आपल्याकडे याचा मोठा दाखला मेंढा-लेखाचा आहे, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंड गाव, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ वालं, २००९ मधे सामूहिक वनहक्क मिळालेलं. तिथं ग्रामसभेत हात वर करून बहुमत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय चालते, एका बैठकीत नाही झालं तर पुढच्या बैठकीत. लोकांना वाटते यानं काम लांबते. लांबते खरं. पण एकदा ठरलं की फाट्यावर वेगळं बोलायला कोणी उरत नाही. तुमच्या ग्रामसंघाला प्रत्येक गोष्टीत ते जमणार नाही, कर्जवाटपाला तारीख असते, पण पापड मशीन घ्यायची का शेवयाची, असल्या विषयाला एक मीटिंग जास्त गेली तर काय बिघडते.

प्रश्न : मी गावातल्या बायांची टोळी घेऊन कापूस वेचाईला जाते. एक बाई किलो वाढवायच्या नादात कवडी (किडका कापूस) अन् पत्ती सगळं घेते, मालक मले बोलते. दुसरी साफ वेचते पण तिची तारीफ केली तर बाकीच्या तोंड वाकडं करतात.
(अकोला जिल्हा)

उत्तर : मावशी, किलोवर मजुरी असली की किलोच वाढणार, त्यात त्या बाईचा दोष कमी अन् रेटचा जास्त. मालकाशी आधी बोलून घ्या की साफ कापसाला किलोमागं थोडं वरून देता का. देत असेल तर अर्धं भांडण तिथंच मिटलं. देत नसेल तर मग मालकाला म्हणावं जास्त बोलू नका जी.

तारीफ बाईची करू नका, तिच्या ओटीतल्या कापसाची करा. तोलाच्या वेळी गठ्ठा सोडला की म्हणा ‘हे पाहा, असा पाह्यजे, पत्ती नाही, कवडी बाजूला’, नाव घ्यायची गरज नाही, कोणाचा आहे ते दिसतेच सगळ्यांना. अन् कचरा आणणारीला दुसऱ्या दिवशी तासभर आपल्या बाजूच्या ओळीत घ्या, वेचता वेचता इकडचं तिकडचं बोला, हात कसा चालते ते पाहा. कधी कधी डोळ्याचा नंबर वाढलेला असते अन् बाई सांगत नाही.

प्रश्न : आमची द्विशिक्षकी शाळा. मी मुख्याध्यापक. सोबतचे सर चांगले आहेत पण मन नाही, रोज बदलीचं पोर्टल पाहतात. मी म्हणतो सर तुम्ही फार छान शिकवता, तरी काही फरक नाही.
(जि. प. शाळा, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : गुरुजी, ‘छान शिकवता’ हे त्यांनी डी.एड.ला असतानापासून ऐकलं असेल. त्याच्यानं काही होत नाही. बदली पाहतात तर पाहू द्या, घर दूर असेल, लेकरू लहान असेल, त्यावर टोमणा मारू नका, उलट एखादवेळी स्वतःच विचारा की काय झालं हो तुमच्या बदलीचं. विचारलं की तो विषय लपवायचा राहत नाही.

अमेरिकेतल्या प्राध्यापक टेरेसा अमाबिले यांच्या टीमनं सात कंपन्यांतल्या २३८ लोकांकडून रोजच्या कामाच्या डायरीतल्या जवळपास १२,००० नोंदी लिहून घेतल्या होत्या. ज्या दिवशी माणसाचं मन कामात लागलं त्या दिवशी बहुतेक वेळा एकच गोष्ट झालेली दिसली, आपलं काम थोडं का होईना पुढं सरकलं. बोनस नाही, शाबासकी नाही. अन् मॅनेजर लोकांना विचारलं की माणसाला जोर कशानं येते, तर त्यांनी नेमकं हेच सगळ्यात खाली टाकलं!

शाळेत हे पुढं सरकणं दिसत नाही कारण दिवसभर ऑनलाइन माहिती भरण्यातच जीव जाते. तर ते दिसेल असं करा. घरी माडिया बोलणारं दुसरीतलं पोरगं आज पहिल्यांदा मराठीचं अख्खं वाक्य अडखळत का होईना वाचून गेलं, तर सुटीत चहाच्या वेळी तेवढंच बोला, ‘सर, त्यानं आज पूर्ण वाचलं, तुम्ही चित्राचे कार्ड केले होते त्याच्यावरूनच न?’ जमलं तर पोर्टलचं काम आठवड्यातले दोन दिवस तुम्ही अंगावर घ्या अन् त्यांना वर्गात राहू द्या. बदली झाली तर जातीलच ते, पण तोपर्यंतचे महिने पोरांच्या कामी येतील.

प्रश्न : मेसेज करावा का व्हॉइस नोट?
(बुलढाणा जिल्हा)

उत्तर : तारीख, आकडा, जागा असेल तर मेसेज. कोणाचं काही चुकलं असेल तर दोन्ही नाही, भेटा नाहीतर फोन करा, कारण रागाचा व्हॉइस नोट दहा ठिकाणी फॉरवर्ड होते अन् तुमचा आवाज सगळ्या तालुक्याला पाठ होते. रात्री नऊच्या नंतर काहीच नाही.

प्रश्न : तुमच्या अंकात मागच्या वेळी लिहिलं होतं की गोड बोलून काम होते. मी भंडाऱ्याकडे एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे, माझ्या लोकांचे दोन महिन्याचे पैसे अडकले आहेत. त्यांना मी ‘शाबास’ म्हणू का? गोड बोलून पोट भरते का साहेब?
(भंडारा जिल्हा)

उत्तर : नाही भरत. तुमचा राग बरोबर आहे अन् मागच्या अंकातलं ते वाक्य जरा सैलच होतं.

पैसे अडकले असताना शाबासकी दिली तर माणूस मनातल्या मनात शिवी देते, अन् त्याला तो हक्क आहे. वर पहिल्या उत्तरात आशाताईंबद्दल एवढं लिहिलं, त्याच आशाताई अन् गटप्रवर्तक २०२३-२४ मधे मानधनासाठी राज्यभर संपावर बसल्या होत्या. त्यांना तेव्हा कोणी म्हटलं असतं की ताई तुम्ही समाजाचा कणा आहात, तर त्यांनी म्हटलं असतं कणा आहे तर मग रेट वाढवा. कमी मजुरी, उशिरा पगार, बिनाहेल्मेटचं काम, हे बोलण्यानं झाकायला जो सुपरवायझर बसते तो ठेकेदाराचं काम करून राह्यला, टीमचं नाही.

पण तुम्हाला बोलावं तर लागणारच आहे, कारण रोज सकाळी ते दहा जण तुमच्याच तोंडाकडे पाहतात. तर काय बोलायचं ते सांगतो. पहिलं, ‘येऊन राह्यले, होऊन जाईल’ हे बंद. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं आहे की ऐकल्याबरोबर त्यांना कळते की तुम्हालाही काही माहीत नाही. किती बाकी आहे ते प्रत्येकाला आकड्यात सांगा, तुमच्या वहीत हजेरी दाखवा, फोटो काढू द्या. काढू द्याच, पुढं कामगार कार्यालयात जायची पाळी आली तर तीच हजेरी त्यांच्या कामी येईल, अन् तुम्ही ती लपवली नाही हे ते कधी विसरणार नाहीत. दुसरं, ठेकेदाराशी काय बोलणं झालं ते जसं झालं तसं सांगा, तुमच्या बाजूनं रंगवून नाही. तिसरं, कोणाच्या घरी दवाखाना नाहीतर किराण्याची वेळ असेल तर ते ठेकेदाराला नावानिशी सांगा अन् त्या माणसाचं आधी काढून घ्या, पण बाकीच्यांना विचारून, नाहीतर उद्या तेच भांडण तुमच्या गळ्यात.

अन् तारीख माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ‘मले माहीत नाही, शुक्रवारी साहेबाले भेटून संध्याकाळी सांगतो.’ मग शुक्रवारी साहेब भेटले नाही, फोन उचलला नाही, काहीच कळलं नाही, तरी शुक्रवारी संध्याकाळी त्यांना फोन करायचा अन् तेवढंच सांगायचं, की भेटले नाही, सोमवारी परत जातो. सोबत त्यांच्यातल्या एकाला घेऊन जा.

*(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवा : ऐन हंगामात सुटी मागायला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? व्हॉइस नोट चालेल, कोंबडा बाहेर ठेवा.)*